'इन्व्हर्स लाप्लास'ला मराठीत काय म्हणावं : व्यस्त, प्रतिलोम, विलोम की उलट?

मॅक्सिमा हे सॉफ्टवेअर वापरून अवकल समीकरणं कशी सोडवायची, याची मराठी टिपणं लिहिते आहे. लाप्लास रूपांतरापर्यंत (टी या चलातलं फलन एस या चलात नेणारी क्रिया) शब्द अडले नाहीत, 'इन्व्हर्स'पाशी, म्हणजे एस कडून टी कडे येण्यापाशी, मात्र अडले. शाळेपासूनच्या सवयीनं 'व्यस्त लाप्लास रूपांतर' लिहिलं आणि कच्चा खर्डा एका विद्यार्थ्याला वाचायला दिला. त्यात उदाहरण होतं १/(एस² + ४एस + १३). त्यानं त्याचं व्यस्त म्हणून सरळ एस² + ४एस + १३ लिहून आणलं! त्याला चूक तरी कसं म्हणू? पाचाचा गुणाकार व्यस्त एक पंचमांश, हे आपणच शिकवलेलं. त्यात चिन्हातही 'एल'च्या डोक्यावर उणे एक बसलेला असतो. खरं उत्तर टी या चलातलं फलन आहे : ई चा −२टी घात गुणिले साइन ३टी, भागिले ३. छेदाचा पूर्ण वर्ग करून (एस + २)² + ९ असं लिहिलं की ते दिसतं.

तर 'व्यस्त' ठेवू की बदलू? बदलायचा तर कोणता शब्द घेऊ?

प्रतिसाद
बदलाच. 'व्यस्त' म्हणजे वि + अस्त, मुळात विखुरलेला, मग क्रम उलटलेला. शब्द चांगलाच आहे, पण मराठी शाळेनं तो व्यस्त प्रमाण आणि गुणाकार व्यस्त यांना देऊन टाकला आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) व्यस्त त्रैराशिक आहे, एक राशी वाढली की दुसरी घटते ते. त्याच ग्रंथात विलोमविधीही आहे : शेवटच्या संख्येपासून मागे चालत जायचं, गुणलं असेल तिथे भागायचं, वर्ग केला असेल तिथे मूळ घ्यायचं, मिळवलं असेल तिथे वजा करायचं आणि मूळ राशी गाठायची. तुम्हाला हवा आहे तो हा दुसरा अर्थ. केलेली क्रिया उलगडत मागे जाणं. म्हणून 'विलोम रूपांतर'.

'व्युत्क्रम' नको. हिंदीत तो १/क्ष साठी रुळला आहे, म्हणजे पुन्हा तोच खड्डा. 'प्रतिलोम' चालेल, पण मराठी वाचकाला त्यानं आधी विवाहाचे प्रकार आठवतात.

प्रतिसाद
नाम राहू द्या, मला यातली क्रियापदं महत्त्वाची वाटतात. वर्गात आपण काय बोलतो ते आठवा. लाप्लास आपण 'घेतो' आणि इन्व्हर्स 'काढतो'. 'लाप्लास काढला' क्वचित ऐकू येतं, 'इन्व्हर्स घेतला'ही येतं, पण ओघात बोलताना जोडी घेणे–काढणे अशीच पडते. आणि ती अचूक आहे. घेताना एक ठरलेलं समाकलन असतं. काढताना आंशिक अपूर्णांक पाडा, कोष्टकात जुळणारी ओळ शोधा, नाही जमलं तर संमिश्र प्रतलात ध्रुव (छेद शून्य होतो ती ठिकाणं) गाठा. विहिरीतून पाणी काढावं तसं ते काढावं लागतं.

सॉफ्टवेअरलाही हे चुकत नाही. मॅक्सिमाच्या 'आयएलटी' या इन्व्हर्स लाप्लास काढायच्या आज्ञेला बहुपदींचं गुणोत्तर लागतं आणि छेदाचे अवयव एकघाती किंवा द्विघाती असावे लागतात. १/(एस² + ए) दिलंत तर ते आधी विचारतं, ए धन की ऋण? धन म्हणालात तर साइन येतो, ऋण म्हणालात तर हायपरबोलिक साइन.

प्रश्नकर्ती
घेणे–काढणे माझ्या कानावरून रोज जातं आणि कधी लक्षातच आलं नाही! टिपणांत तसंच लिहीन.

मॅक्सिमाचा विषय निघालाच आहे, तर त्यातला एक शब्द फार आवडला म्हणून सांगते. ई चा −√एस घात दिला (उष्णतावहनाच्या गणितात तो येतो) तर उत्तर सापडत नाही आणि 'आयएलटी' आपली आज्ञाच न उलगडता परत करते. या न उलगडलेल्या रूपाला मॅक्सिमात 'नाम' म्हणतात आणि प्रत्यक्ष करायच्या क्रियेला 'क्रियापद'. संगणकाला जमलं नाही की क्रियापदाचं नाम होतं! मी त्याला 'नामरूप' म्हटलं आहे. तिथे विद्यार्थ्यांना पडद्यावर काहीतरी छापून आलेलं दिसतं आणि ते त्यालाच उत्तर समजतात, म्हणून या शब्दाला टिपणांत वेगळा परिच्छेद देते आहे.

प्रतिसाद
'विलोम' जड वाटत असेल तर 'परतीचं रूपांतर' कसं? जिथून निघालो तिथे परत.

प्रतिसाद
ऐकायला गोड आहे, पण सगळं परत मिळत नाही. सिमपाय या पायथनमधल्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये एस/(एस² + १) चं इन्व्हर्स काढून पाहा. नुसतं कॉस टी येत नाही, त्याला हेवीसाइडचं पायरी-फलन (शून्याच्या आधी ०, नंतर १) गुणलेलं येतं. लाप्लासच्या समाकलनात टी शून्यापासून पुढेच धावतो, शून्याच्या मागे फलन काय होतं याची खूण एस मध्ये उरतच नाही. टी धन आहे असं आधीच जाहीर केलं तर ते शेपूट गळतं. पुढच्या बाजूला मात्र खात्री आहे : शून्यापासून पुढच्या दोन अखंड फलनांचं लाप्लास एकच आलं तर ती दोन्ही फलनं एकच, असं लेर्खचं प्रमेय सांगतं. 'परत'मध्ये जेवढं नेलं तेवढं आणल्याचा भास आहे. 'विलोम'मध्ये फक्त दिशा आहे.

आणखी एक. टॅल्बट किंवा स्टेफेस्ट यांच्या संख्यात्मक पद्धती वापरल्या तर टी ची एक किंमत देऊन तिथली एक संख्या मिळते, सूत्र मिळत नाही. तिथे 'विलोम रूपांतर काढलं' असं लिहू नका, 'टी = २ पाशी विलोमाची किंमत काढली' असं लिहा.

प्रश्नकर्ती
ठरलं. 'विलोम लाप्लास रूपांतर', पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'म्हणजेच इन्व्हर्स लाप्लास', पुढे नुसतं 'विलोम'. पाचाच्या एक पंचमांशाला 'व्यस्त' राहू दे. त्या विद्यार्थ्याला आज नवा खर्डा दिला, १/(एस² + ६एस + २५) घालून. ई चा −३टी घात, साइन ४टी, भागिले ४. बरोबर काढलं त्यानं.