नाताळच्या नाटकात योसेफाला एकही वाक्य नाही, काय करू?

दिवेलागण
चर्चमधल्या मुलांचं नाताळचं नाटक बसवतेय. मरीयेला संवाद आहेत, देवदूताला लांबलचक आहेत, हेरोद तर भाव खाऊन जातो. मरीयेचा नवरा योसेफ झालेला मुलगा मात्र रोज विचारतो, "ताई, मी नुसता काठी धरून उभा राहू?" शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, त्याच्या तोंडी एक शब्दही नाही, हे मान्य. मग चार वाक्यं पदरची घालू का? आणि मुळात आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, हा माणूस एवढा कोपऱ्यात का?

मधला_बाक
घाला की बिनधास्त! मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर 'पोसादास' असतात. त्यात योसेफ दारोदार आसरा मागतो, आतले नाही म्हणतात, सगळं गाण्यात. तिथे तो भरपूर बोलतो.

सुतारपक्षी
वाक्यं नका घालू, काम द्या.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय सावकाश वाचा. वाग्दान झालं की कायद्याने मरीया त्याची बायकोच. मोडायचं तर सूटपत्र द्यावं लागे. ती गरोदर, आणि मूल आपलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक. चारचौघांत बोभाटा करता आला असता. त्याने तिला गुपचूप सोडायचं ठरवलं. म्हणजे देवदूत स्वप्नात यायच्या आधीच माणूस कसा होता ते कळतं. मला तर हा प्रसंग देवदूतापेक्षा मोठा वाटतो, आणि नाटकवाले नेमका हाच गाळतात.

मग स्वप्न. देवदूत त्याला 'दाविदाच्या पुत्रा' म्हणतो ते उगाच नाही. मत्तयाने अब्राहामापासून आणलेली वंशावळ योसेफापर्यंत येते, मरीयेपर्यंत नाही. बाळाचं नाव ठेवायचं कामही त्यालाच सांगितलंय. त्याने नाव ठेवून पोराला आपलं म्हटलं, म्हणून येशू दाविदाच्या घराण्यातला. तेव्हा नाव ठेवायचा प्रसंग मंचावर हवाच.

पुढे आणखी तीन स्वप्नं: मिसरला (इजिप्तला) पळ, परत ये, गालीलात जा. मिसरला तर रात्रीच निघाला. तुमच्या मुलाला झोपेतून दचकून उठू दे, अंधारात बोचकं बांधू दे. घाईत गाठ सुटते, पुन्हा बांधतो. प्रेक्षक गप्प बसतील, बघा.

बाळाला मंदिरात नेतात त्या प्रवेशात अर्पणाच्या पक्ष्यांचा पिंजरा त्याच्याच हातात द्या. शुभवर्तमान लिहिणारा लूक दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं म्हणतो. कोकरू परवडत नसेल त्यांच्यासाठीची ती सवलत होती.

न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात पंधराव्या शतकातलं मेरोद नावाचं तीन फळ्यांचं चित्र आहे. मधल्या फळीवर देवदूत मरीयेकडे आलाय, आणि उजवीकडे योसेफ आपल्या कामात गर्क: उंदराचे सापळे! एक बाकावर, एक खिडकीत मांडलेला. सैतानासाठी लावलेला सापळा असा अर्थ काढतात. मला आपला तो कामात गढलेला म्हातारा आवडतो.

चष्मेवाले_काका
कोपऱ्याबद्दल. पूर्वेकडच्या चर्चच्या जन्मप्रतिमांत तो खरोखरच कोपऱ्यात बसलेला असतो, डोक्याला हात लावून, समोर एक म्हातारा त्याच्या मनात शंका भरवतोय. आपल्या कॅथलिक वाचनचक्रात आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी त्याचा उतारा तीन वर्षांतून एकदा. बाकी दोन्ही वर्षी मरीया. १८ डिसेंबरच्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) मात्र दरवर्षी तोच. मिस्साच्या रोमन प्रार्थनेत त्याचं नाव १९६२ साली आलं, आणखी तीन प्रार्थनांत तर थेट २०१३ मध्ये. उशीर म्हणजे किती!

जाता जाता, 'जागा नाही' म्हणणारा धर्मशाळेचा मालक लूकमध्ये नाहीच बरं का.

दिवेलागण
काका, मालकाचं काम देऊन झालंय आणि त्याच्या आईने पोशाखही शिवलाय. आता तो काढला तर माझीच गच्छंती. बोचकं आणि पिंजरा पक्के. वाग्दान मोडायचा विचार मुलांसमोर कसा दाखवायचा ते सुचत नाहीये. आणि पक्षी कापडाचे चालतील ना? घरात खेळण्यातला हिरवा पोपट तेवढा आहे.

सुतारपक्षी
पोपट नको. पांढरा मोजा भरा. आणि त्या विचारासाठी त्याला मरीयेच्या दारापर्यंत जाऊन, कडीला हात लावून परत फिरू दे.