नेट गेलं की सर्व्हरवरचं काम पण मरतं, काय करू?

फोंडेकार्न:
आजोबांच्या जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन आहेत, २३०० च्या वर पानं, भाड्याच्या सर्व्हरवर टेसरॅक्ट नावाच्या प्रोग्रॅमने ओसीआर करतेय, म्हणजे चित्रातली अक्षरं टेक्स्टमध्ये उतरवतेय. काल रात्री एसएसएचने, म्हणजे घरच्या लॅपटॉपवरून नेटने सर्व्हरच्या आत जाऊन स्क्रिप्ट लावली न् झोपले, पहाटे फोंड्यात असा पाऊस लागला की लाईट गेली, राउटर बंद, सकाळी बघते तर काम ६४० व्या पानावर थांबलेलं. सर्व्हरची लाईट तर गेली नव्हती ना, मग तिथलं काम का मेलं? चवथीला सगळे घरी येतात त्याआधी हे संपवायचंय मला. आता परत लावलंय पण बाहेर गडगडतंय.

म्हापशेकार:
कनेक्शन तुटलं की सर्व्हर तुझं टर्मिनल बंद करतो, आणि त्या टर्मिनलला बांधलेल्या प्रोग्रॅम्सना हँगअप सिग्नल जातो, बहुतेक प्रोग्रॅम तो मिळाला की मरतात. टीमक्स वापर, तो तुझं टर्मिनल सर्व्हरवरच चालू ठेवणारा प्रोग्रॅम आहे. सर्व्हरवर 'टीमक्स न्यू -एस पुस्तकं' टाईप कर, आत जी शेल (कमांड टाईप करायची जागा) उघडते तिच्यात स्क्रिप्ट लाव, मग कंट्रोल-बी दाबून सोड आणि डी दाब, की तू बाहेर आणि काम आत चालूच. परत बघायचं तर 'टीमक्स अटॅच -टी पुस्तकं'. टीमक्सचा स्वतःचा सर्व्हर प्रोसेस वेगळा चालतो, तुझ्या एसएसएचशी त्याचं काही बांधलेलं नाही, म्हणून नेट दहादा गेलं तरी चालतं. पण टीमक्स सर्व्हरवर लाव हां, लॅपटॉपवर लावून त्यातून एसएसएच केलंस तर काही उपयोग नाही, मी सुरुवातीला हेच करायचो आणि दोन रात्री फुकट गेल्या.

पेडण्याचो:
बाय, आत्ता जे चालू आहे ते आधी वाचव. कंट्रोल-झेडने थांबव, मग 'बीजी' टाईप करून मागे चालू कर, मग 'डिसओन' टाईप करून टर्मिनलपासून सोडव. पण स्क्रिप्ट स्क्रीनवर काही छापत असेल तर टर्मिनल गेल्यावर तिथेच एरर येऊन अडकू शकते, त्यामुळे खरं तर थांबवून टीमक्समध्येच परत लावलेलं बरं. टीमक्स नसेल तर 'स्क्रीन' नावाचा तसाच प्रोग्रॅम असेल, तो १९८७ पासूनचा आहे. आणि सर्व्हरच रिस्टार्ट झाला तर टीमक्स पण जाणार, म्हणून स्क्रिप्टमध्येच घाल की ज्या पानाची टेक्स्ट फाईल आहे ते सोडून पुढे जा. फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिही, पूर्ण झाली की नाव बदल, नाहीतर अर्धवट पान झालेलं समजून सुटेल आणि कळणार पण नाही.

फोंडेकार्न:
देव बरें करूं दोघांक! टीमक्समध्ये लावलं, मग मुद्दाम राउटरची वायर काढली, धाकधूक होती, १० मिनिटांनी जोडून अटॅच केलं तर ७१२ वं पान चालू होतं. फक्त वरचं आउटपुट बघायला माऊसने स्क्रोल होत नाही?

म्हापशेकार:
कंट्रोल-बी, मग उघडणारा चौकोनी कंस, मग पेज-अप. बाहेर यायला क्यू. मुळात २००० ओळीच ठेवतं ते, जास्त हव्यात तर कॉन्फिग फाईलमध्ये हिस्टरी-लिमिट वाढव, पण ते नव्या उघडलेल्या विंडोलाच लागू होतं, आत्ताच्या चालू कामाला नाही.