हार्वेस्टरच्या शेडचं जोतं : पंधरा इंची दगडी भिंत भरावाचा रेटा सोसेल का?

परभणी जिल्ह्यात शेतावर शेड बांधायचं आहे. आत साधारण ९ टनांचा हार्वेस्टर आणि दोन ट्रॅक्टर राहतील. जमीन निव्वळ काळी, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. पावसाळ्यात पाणी साचतं, म्हणून जोतं ४ फूट उचलून आत मुरूम भरायचा, वर काँक्रीटचा कोबा आणि समोरून उतार. वर लोखंडी खांब नि पत्रे, म्हणजे भिंतीवर वरून वजन जवळपास नाहीच.

मिस्त्री म्हणतात, पंधरा इंची दगडी भिंत सिमेंटात बांधू, गावातली घरं अशीच उभी आहेत. पण घराच्या जोत्यात भराव दोन फुटांचा, आणि त्यावर हार्वेस्टर फिरत नाही. मी ढोबळ हिशेब केला. मुरूम घनमीटरला १.८ टन आणि आडवा दाब उभ्या दाबाच्या एक तृतीयांश धरला, तर १.२ मीटर उंचीला भरावाचा रेटा भिंतीच्या दर मीटरला सुमारे ४३० किलो. यंत्र भिंतीलगत उभं राहिलं तर चौरस मीटरला दीड टन धरून आणखी ६०० किलो, आणि हा रेटा निम्म्या उंचीवर लागतो. भिंत उलथवणारा मोमेंट (बल गुणिले अंतर, म्हणजे फिरवण्याचा जोर) तिच्या वजनाच्या मोमेंटच्या अडीचपट येतो! भराव भिजल्यावरचं तर यात धरलेलंच नाही. भिंत जाड करू, की आरसीसी? आणि काळ्या मातीत पाया कसा घ्यावा? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद : तुमची शंका रास्त आहे. दगडातच करायची तर तळाला साडेतीन फूट रुंदी लागेल. त्यापेक्षा एल आकाराची आरसीसी भिंत घ्या, तळाचा स्लॅब भरावाखाली आत वळवलेला. मग भरावाचं वजनच तिला दाबून धरतं. सळई मात्र इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या. भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवा, त्यांच्या मागे खडी भरा. मुरूम आठ-आठ इंचांच्या थरांत पाणी मारून दाबा, पण जड रोलर भिंतीला चिकटून फिरवू नका.

पायाआधी माती तपासा. चाळलेली माती एका नळीत पाण्यात, दुसरीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. पाण्यातली रॉकेलमधल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त फुगली तर धोका. मग पायाखालची काळी माती काढून न फुगणारा मुरूम दाबून भरावा लागतो. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी अशा न फुगणाऱ्या चिकण थरावरच काम केलं होतं.

शेजारच्या विहिरीच्या कडेला बघून सांगा, काळा थर किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो?