पायरेट्सनी हिवाळाभर केलं काय? (आणि मी तिकिटं ठेवू की सोडू?)

अलेघेनीकाठ (धागाकर्ती), १५ फेब्रुवारी २०२५

बुधवारी फ्लोरिडात, ब्रेडेंटनला, पायरेट्सचे (म्हणजे आमच्या पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाचे) पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, आणि कॅचर सरावाला हजर झाले. म्हणजे हिवाळा संपला, निदान कागदावर तरी. इथे पिट्सबर्गला रस्त्याच्या कडेला काळा पडलेला बर्फ तसाच आहे आणि माझ्या इनबॉक्समध्ये सीझन तिकिटांचं स्मरणपत्र तिसऱ्यांदा आलंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी इथे २०१३ च्या ऑगस्टमध्ये शिकायला आले. बेसबॉल म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. त्या वर्षी पायरेट्स वीस पराभूत हंगामांनंतर (१९९३ ते २०१२, सलग!) पहिल्यांदा प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेरीला) पोचले. १ ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्ध वाइल्ड कार्ड सामना होता, हरलो की घरी. होस्टेलच्या कॉमन रूममध्ये उभं राहायला जागा नव्हती. टीव्हीवर चाळीस हजार लोक एका सुरात "क्वेऽटो, क्वेऽटो" ओरडत होते, आणि त्यांच्या बिचाऱ्या पिचरच्या, जॉनी क्वेटोच्या, हातून चेंडू चक्क खाली पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. मला नियम कळत नव्हते, पण माझा घसा मात्र दुसऱ्या दिवशी बसलेला होता. तिथून जो नाद लागला तो आजतागायत.

२०१५ ला ९८ सामने जिंकले, वाइल्ड कार्डला शिकागो कब्जच्या जेक ॲरिएटाने एकही धाव दिली नाही, संपलं. त्यानंतर प्लेऑफ नाही. दहावं वर्ष लागलं.

आता मुद्दा. गेल्या वर्षी आपल्याला पॉल स्कीन्स मिळाला. १३३ इनिंग, १७० स्ट्राइकआउट, ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) १.९६. पहिल्याच वर्षी ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीचा पिचर. असा पोरगा पन्नास वर्षांत एकदा येतो. संघाने किती जिंकले? ७६. त्याच्या आधीच्या वर्षी, तो नसताना, किती? ७६. म्हणजे बॅटिंगची दशा काय होती ते यातच आलं.

म्हणून मला वाटलं, या हिवाळ्यात एक, फक्त एक, खरी बॅट, म्हणजे दमदार बॅटर, आणतील. सोटो (या हिवाळ्यातला सगळ्यात महाग खेळाडू) नको होता मला. ७६५ मिलियन डॉलर मेट्सनी द्यावेत, त्यांना लखलाभ. पण आम्हाला हव्या असलेल्या फर्स्ट बेसच्या जागेवर खेळणारा कार्लोस सँटाना एका वर्षाच्या १२ मिलियनवर क्लीव्हलँडला गेला. गोल्डश्मिट साडेबारावर यँकीजकडे. हे आकडे काही डॉजर्ससारख्या (लॉस एंजेलिसचा श्रीमंत संघ) संघाचे नाहीत.

आपल्याकडे काय आलं? ॲडम फ्रेझियर, वय ३३, दीड मिलियन. टॉमी फॅम, वय ३६, चार मिलियन. ॲण्ड्र्यू मॅककचन परत, वय ३८, पाच मिलियन. (कच माझा जीव की प्राण, त्याच्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. पण ३८ म्हणजे ३८.) तिघांचे मिळून साडेदहा मिलियन. आणि ज्या एका सौद्यावर मी खूश होते, पिचर लुईस ऑर्टिझ देऊन घेतलेला फर्स्ट बेसचा स्पेन्सर हॉरविट्झ, त्याच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. हंगामाच्या सुरुवातीला तो नाही.

जानेवारीत पायरेट्सफेस्टला, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्याला, गेले होते. प्रश्नोत्तरं चालू असताना मागून मालकाला उद्देशून "सेल द टीम" (संघ विकून टाका) सुरू झालं आणि सभागृहभर पसरलं. मी ओरडले नाही. पण गप्प बसा असंही कुणाला म्हणावंसं वाटलं नाही.

प्रश्न असा: ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर मी गेली पाच वर्षं तिकिटं अर्धी-अर्धी घेत होते. ती इथलीच, तिचे आजोबा पायरेट्सच्या जुन्या दिग्गजाला, क्लेमेंटेला, खेळताना बघायला जायचे. तिने यंदा नाही म्हटलं. "माझ्या पैशाने त्यांना वाटतं की सगळं ठीक चाललंय," म्हणाली. आता पूर्ण भार मी एकटीने उचलू की सोडून देऊ? आणि मी उगाच चिडतेय का, हेही सांगा.

नवखा_प्रेक्षक

ताई, बेसबॉलमधलं फार कळत नाही, पण आयपीएलसारखा लिलाव आणि खर्चाची मर्यादा नाही का इथे? मग एक संघ ७६५ मिलियन आणि दुसरा दीड मिलियन कसा देतो?

हिशेबनीस

@नवखा_प्रेक्षक, नाही. लिलाव नाही, वरची मर्यादा नाही, खालचीही नाही. ठरावीक आकड्याच्या वर गेलं (यंदा २४१ मिलियन) की दंडात्मक कर लागतो, एवढंच. डॉजर्स तो कर भरतात आणि पुढे चालू लागतात.

खालून मर्यादा नाही हे जास्त महत्त्वाचं. प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के भाग एका हौदात टाकतो आणि तो हौद तीसही संघांत सारखा वाटला जातो. शिवाय राष्ट्रीय टीव्हीचे पैसे. पिट्सबर्गसारख्या लहान बाजारपेठेच्या संघाला यातून निव्वळ मिळकत होते. ती मैदानावरची कामगिरी सुधारण्यासाठी खर्च करावी अशी अपेक्षा आहे.

अलेघेनीकाठ, चिडणं रास्त आहे, पण चुकीच्या ठिकाणी चिडता आहात असं मला वाटतं. फॅम आणि फ्रेझियर हे लक्षण आहे. रोग असा की या संघाने बाहेरच्या फ्री एजंटला (करार संपून मोकळा झालेला खेळाडू), किंवा खरं तर कुठल्याही फ्री एजंटला, एकापेक्षा जास्त वर्षांचा करार शेवटचा केला तो डिसेंबर २०१६ मध्ये. इव्हान नोव्हा, तीन वर्षं, २६ मिलियन. आठ वर्षं झाली. एका वर्षाच्या करारावर कोण येतो? ज्याला दुसरीकडे दोन वर्षं मिळत नाहीत तो. मग वय ३६ दिसणारच.

आता स्कीन्सचं गणित. सहा वर्षं सेवा झाली की खेळाडू मोकळा. पहिली तीन वर्षं संघ म्हणेल तो पगार, म्हणजे किमान वेतनाच्या आसपास (यंदा ७,६०,०००). पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशन, म्हणजे पगारावर एकमत झालं नाही तर लवाद ठरवणार. स्कीन्सला गेल्या वर्षी मे महिन्यात खालच्या लीगमधून वर आणलं, त्यामुळे नेहमीच्या हिशेबाने त्याचं पहिलं वर्ष अपुरं भरलं असतं आणि संघाला सातवं वर्ष फुकट मिळालं असतं. पण रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) ठरल्यामुळे नव्या नियमाने त्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळाली. म्हणजे २०२९ नंतर तो जाऊ शकतो. त्यातलं २०२४ वाया गेलं. २०२५ आणि २०२६ ही दोनच वर्षं अशी की तो जवळपास फुकटात पिचिंग करणार आहे. नेमके ते वाचलेले पैसे आत्ता बॅटवर घालायचे असतात. ते घातले नाहीत, हा खरा आक्षेप.

मिलवॉकीकर

बाहेरचा माणूस बोलतोय, रागावू नका. 🙂 जुलैमध्ये तुमचा तो स्कीन्स आमच्या मैदानावर सात इनिंग एकही हिट न देता गेला, ११ जणांना घरी पाठवून. मी तिथे होतो. पायरेट्स जिंकले १-०. सात इनिंग नो-हिट टाकून तुमच्या बॅटर्सनी त्याला एक धाव दिली, हे लक्षात घ्या!

"लहान बाजारपेठ" हे कारण मात्र मला पटत नाही. आमची मिलवॉकीची बाजारपेठ तुमच्यापेक्षाही लहान. गेल्या फेब्रुवारीत आम्ही कॉर्बिन बर्न्स बॉल्टिमोरला देऊन टाकला. साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, जिंकलेला पिचर! आमच्याकडेही लोक बोंबलत होते. मॅनेजर कौन्सेल कब्जकडे गेला. आणि आम्ही ९३ जिंकून डिव्हिजन (आपला गट) घेतली. या हिवाळ्यात ॲडेम्स जायंट्सकडे १८२ मिलियनवर गेला, डेव्हिन विल्यम्स यँकीजना दिला. दर वर्षी घरातलं एक भांडं विकायचं, पण विकताना त्याच्या बदल्यात दोन कामाची भांडी घ्यायची, हे जमायला हवं. शिवाय आमच्या पोरसवदा चौरिओला मेजर लीगमध्ये एक चेंडू खेळण्याआधी ८२ मिलियन दिले. हिंमत लागते त्याला.

(मग प्लेऑफमध्ये मेट्सविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये काय झालं ते कृपया कुणी काढू नये.)

अलेघेनीकाठ

@मिलवॉकीकर, पीट अलोन्सोचा होमरन. काढलंच. 😄

पण तुमचा मुद्दा झोंबला. कारण आमच्याकडची भांडी विकायची तऱ्हा आठवली. जानेवारी २०१८ मध्ये एकाच आठवड्यात गेरिट कोल ह्यूस्टनला आणि मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. मी त्या दिवशी प्रयोगशाळेत होते, फोन बघून बाहेर जाऊन बसले. आणि त्याच वर्षी जुलैत बरोबर उलटं केलं: पिचर क्रिस आर्चर घेण्यासाठी दिले ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि वर शेन बाझ. सहा महिन्यांत एकदा विकणारे आणि एकदा विकत घेणारे, आणि दोन्ही वेळा हात पोळलेले. गेल्या जुलैतही तेच. ब्रायन दे ला क्रुझ आणला, त्याने इथे .२०० ची सरासरी काढली, ऑगस्टमध्ये सलग दहा सामने हरलो आणि नोव्हेंबरात त्याला सोडून दिलं. त्याच्या जागी आता फॅम.

@हिशेबनीस, नोव्हाचं माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तेच बरं होतं.

थ्री_रिव्हर्स_काका

धागा वाचला. मुली, मी इथे आलो तेव्हा हे नवं मैदान नव्हतं, थ्री रिव्हर्स स्टेडियम होतं. काँक्रीटचं गोल भांडं. २००१ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडलं ते मी नदीपलीकडून, थंडीत कुडकुडत पाहिलं. वाईट वाटलं, का ते विचारू नकोस.

तुम्ही सगळे पैशांचं बोलता आहात. मी १९९२ चं सांगतो. १४ ऑक्टोबर, अटलांटा, लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना. नवव्या इनिंगपर्यंत आपण २-० पुढे. शेवटी दोन बाद असताना त्यांच्या फ्रान्सिस्को काब्रेराने लेफ्ट फील्डला मारला, आपल्या बॉण्ड्सने फेकला, आणि त्यांचा सिड ब्रीम घसरत होम प्लेटवर. पूर्वी आपलाच खेळाडू, गुडघ्यांवर किती शस्त्रक्रिया झालेल्या, संघातला सगळ्यात हळू धावणारा. वीतभर अंतराने वाचला, आणि आपण हरलो. माझ्या बायकोने टीव्ही बंद केला आणि त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

पण खरी वाट लागली ती त्या हिवाळ्यात. डिसेंबरात बॉण्ड्स सॅन फ्रान्सिस्कोला, ४३.७५ मिलियनवर. आपला पिचर ड्रेबेक ह्यूस्टनला. त्यानंतर काय झालं ते तू वर लिहिलंसच: वीस वर्षं. ऑफसीझन म्हणजे रिकामा वेळ असं लोकांना वाटतं. मी तर म्हणतो, हा संघ मैदानावर जितका हरला त्याहून जास्त डिसेंबरात हरलाय.

तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं मला समजतं. मीही २००३ च्या सुमारास दोन वर्षं गेलो नाही. संघाला काडीचा फरक पडला नाही, माझा मात्र उन्हाळा गेला.

हिशेबनीस

काका, आदर राखून सांगतो, मी असहमत. फरक पडत नाही म्हणून पैसे देत राहायचे हे तर्काला धरून नाही. रिकाम्या खुर्च्या हीच एक गोष्ट आपल्या हातात आहे.

थ्री_रिव्हर्स_काका

बाळा, माझं वय ७१ आहे. रिकाम्या खुर्चीचं राजकारण करायला मला वेळ नाही. मला राइट फील्डच्या मागची ती २१ फुटी भिंत बघत बसायचंय.

(नवख्यांसाठी: क्लेमेंटेचा नंबर २१ होता, म्हणून २१ फूट.)

मिलवॉकीकर

काकांना +१. पण अलेघेनीकाठ, अख्खा हंगाम घ्यायची काय गरज? ज्या दिवशी स्कीन्स टाकणार त्या दिवसांचीच सुटी तिकिटं घ्या की.

अलेघेनीकाठ

तेच डोक्यात आलं होतं, पण दोन महिने आधी कसं कळणार तो कुठल्या दिवशी आहे?

दोन दिवस विचार केला. पूर्ण सीझन सोडतेय. आज ईमेलला उत्तर दिलं आणि "कारण" या रकान्यात लिहिलं: फर्स्ट बेस. कुणी वाचणार नाही, माहितीये. मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवला, तिने हसून घेतलं आणि मग विचारलं, "पण स्कीन्सचा एखादा सामना तरी बघायचा ना?" म्हणजे तिचाही बहिष्कार एवढाच.

थ्री_रिव्हर्स_काका

कळतं, बोटांवर मोजायचं. हंगाम २७ मार्चला मायामीत सुरू होतो, पहिला सामना त्याच्याशिवाय कुणाला देतील? तिथून दर पाच-सहा दिवसांनी एक. दुसरा टॅम्पात, १ किंवा २ एप्रिलला. ४ तारखेला आपला होम ओपनर (घरच्या मैदानावरचा पहिला सामना), यँकीज, त्या दिवशी तो बहुतेक नसणार आणि नेमकी त्याच दिवशी सगळी गर्दी. त्याची घरची पाळी कार्डिनल्सविरुद्ध येते, ७ किंवा ८ एप्रिल. पाऊस पडला तर पुन्हा मोजावं लागेल.

दोन्ही दिवसांची घेऊन ठेव. जाकीट आण, नदीचा वारा असतो. आणि तुझ्या मैत्रिणीला सांग, उरलेलं एक तिकीट मी घेतो.