मे महिन्यात टेबलावर गोळ्यांचं झाड टिकेल का?

मनीषनगर:
भाचीचा पहिला वाढदिवस मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. हॉलला एसी नाही, कूलर आहेत. सहा टेबलांवर मधोमध चॉकलेट-गोळ्यांचं छोटं झाड ठेवायचंय. सामान किती लागेल? आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालेल का?

रुखवतवाली:
चॉकलेटचा विचार सोडाच. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, मिल्क चॉकलेट त्याआधीच मऊ पडतं, आणि आपल्याकडे नागपुरात मेमध्ये पारा 45 ला टेकतो. कडक गोळ्या घ्या. त्यांना उन्हापेक्षा कूलरची भीती जास्त. कूलरची हवा ओली असते, साखर ती ओल ओढून घेते, आणि उघड्या संत्रागोळ्या बघता बघता चिकट होतात. सुट्या घेतल्या तर एकेक जिलेटीन पेपरात गुंडाळून दोन्ही टोकं पिळा. टेबलही कूलरच्या झोतात नको.

एका झाडाला 5 इंची थर्माकोलचा गोळा, 4 इंची मातीची कुंडी, बोटभर जाडीची 9 इंच बांबूची काडी आणि 400 ग्रॅम गोळ्या. गोळी साधारण 4 ग्रॅमची, म्हणजे शंभर होतात. चिकटतात 80-90, उरलेल्या फाटक्या कागदांच्या बदली. सहा झाडांना अडीच किलो पुरे, इतवारीच्या बाजारात ठोकनं घ्या. उंची फुटाच्या आत ठेवा, नाहीतर समोर बसलेला माणूस दिसत नाही.

आदल्या दिवशी करा, पण रात्री पिशवीत बांधून ठेवा. मुंग्या लागतात.

कागदकाम:
ग्लू गन थेट थर्माकोलवर लावू नका, गरम गोंदानं थर्माकोल वितळून खळगा पडतो. आधी गोळ्यावर क्रेप पेपरच्या पट्ट्या फेविकॉलनं चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. मग ग्लू गन चालते.

गोंदाचा थेंब गोळीवर नाही, कागदाच्या पिळलेल्या शेपटीवर द्या. सुरुवात खालून, काडीजवळच्या ओळीपासून. शेपटी वर, गोळी खाली लोंबती. वरची ओळ खालच्या शेपट्या झाकत जाते, छपरावरच्या कवेलूंसारखी. वरून सुरू केलं की सगळ्या शेपट्या उघड्या दिसतात. टाचण्या अजिबात नको, गोळी ओढली की टाचणी पोराच्या हातात येते.

मनीषनगर:
कुंडीत वाळू भरली, पण काडी डुलते आणि गोळा कलतो.

कागदकाम:
भरलेला गोळा अर्ध्या किलोच्या आसपास जातो, वाळू काडीला धरत नाही. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) ओता. आधी कुंडीत प्लास्टिकची पिशवी घाला. पीओपी घट्ट होताना किंचित फुगतं, मातीची कुंडी तडकू शकते. एक वाटी पाण्यात दोन वाट्या पीओपी भुरभुरत टाका. उलट केलं तर गुठळ्या होतात. काडी उभी करून अर्धा तास सुतळीनं बांधून ठेवा. उरलेलं पीओपी बेसिनमध्ये ओतू नका, पाइप बंद होईल. गोळा काडीवर गरगर फिरला तर भोकात फेविकॉल भरून काडी परत बसवा.

रुखवतवाली:
एक महत्त्वाचं राहिलं. पहिला वाढदिवस म्हणजे बरोबरीची लेकरं येणार. कडक गोळी चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. हे झाड फक्त मोठ्यांच्या टेबलांवर ठेवा. लहानांच्या टेबलावर तोच गोळा नुसत्या नारिंगी क्रेपच्या फुलांनी भरा, लांबून फरक कळत नाही. संत्रा बर्फी ठेवायची असेल तर झाडावर नाही, कुंडीच्या पायाशी ताटलीत, आणि जेवण वाढतानाच बाहेर काढा.