पहिली छोटी गाडी: काय घेतली अन् काऊन?

दिवाळीच्या आधी गाडी घ्यायची आहे. बजेट सहा-साडेसहा लाख, तेही कापसाचे चुकारे वेळेवर आले तर. गाव दारव्ह्याजवळ, शेवटचे दोन किमी पांदण. घरात पाच माणसं, आईचे गुडघे गेलेले. व्हिडिओवाले सगळे गाडी एक्सप्रेसवेवर पळवून दाखवतात, पांदणीत कोणी उतरवत नाही. म्हणून आपल्याकडच्यांनी लिहा.

वणीकडून: मी दिसायला ऐटबाज म्हणून एक बुटकी गाडी घेतली होती. नाव सांगत नाही, गाडी वाईट नव्हती, आमचा रस्ता वाईट. बैलगाडीच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा खालून घासायचा. दुसऱ्या पावसाळ्यात काळ्या मातीत अशी रुतली की शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली, अन् अख्खं गाव पाहायला. विकून टाकली. आता टाटाची पंच आहे, जमिनीपासून १८७ मिमी उंच. रेनॉची क्विडही १८४ आहे अन् स्वस्त. पण मागे तीन माणसं बसवून डिक्कीत तुरीचं पोतं टाकलं की त्यातलं बरंच जातं, हे शोरूमवाला सांगत नाही.

आर्वीहून: वॅगन आर. दुसरं काही पाहिलंच नाही. माय न वाकता बसते, न वाकता उतरते. आईला सोबत न्या, चारदा चढ-उतार करायला लावा, मग ठरवा.

अकोल्याहून: आर्वीवाले दादा, त्या गाडीला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आदळवून तपासणाऱ्या संस्थेनं, मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा दिला होता. टाटाच्या टियागोला २०२० मध्ये चार होते.

आर्वीहून: माहीत आहे बाप्पा. आता सहा एअरबॅग येतात. अन् मी पन्नासच्या वर जात नाही.

पुसदकडून: सीएनजीच्या नादी लागताना पंप कुठे ते आधी पाहा. माझा चाळीस किमीवर. गॅस भरायला जाण्यातच गॅस जाते. डिक्कीत टाकी, लग्नाला निघालो की बॅगा मांडीवर.

अमरावतीजवळून: मी रोज नोकरीला ये-जा करतो, पंप वाटेतच, मले तर परवडते. टियागोत दोन लहान टाक्या तळाशी बसवलेल्या असतात, वर थोडी जागा उरते.

वर्ध्याहून: २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला. आधी २८ अन् वर सेस. तरी जाहिरातीतली किंमत म्हणजे हातातली नव्हे. पेट्रोलला रोड टॅक्स ११ टक्के, विमा वेगळा. माझ्या कोटेशनमध्ये 'हँडलिंग' म्हणून एक रक्कम होती. काय हँडल केलं विचारलं तर साहेब चूप. अडून बसलो, निघाली. विमाही बाहेरून काढला, स्वस्त पडला.

चिखलीहून: जुनी ऑल्टो ८०० घेतली, कारण गावातला मिस्त्री तेवढीच उघडतो. आरसीवर आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा तसाच होता, तो उतरवायला तीन महिने हेलपाटे. पैसे देण्याआधी तेवढं पाहा. आणखी एक, गाडी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी लावू नका. उंदरांनी वायरिंग खाल्लं.

धागाकर्ता: शनिवारी आईला घेऊन यवतमाळला जातो. गाडीत तुरीचं पोतंही नेतो आहे, टेस्ट ड्राइव्हला डिक्कीत टाकू देतील का, पाहू.