२०२३ चे माझे तीन अल्बम, आणि पहिल्या नंबरावर अडलेलं घोडं

शाईवाला (२७ डिसेंबर २०२३)

नमस्कार मंडळी. पुण्यात पेठेत आमचं तबलादुरुस्तीचं दुकान आहे. वडील पुड्या, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, करायचे, आता मी करतो. दिवसभर हातोडी चालू असते, पुडीवरचा काळा ठिपका म्हणजे शाई, ती घोटताना दगडाची घरघर असते, त्यामुळे कामाच्या वेळी दुकानात गाणं लावत नाही. रात्री शटर अर्धं खाली ओढलं की दोन जुने स्पीकर जोडतो आणि एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. मधलं काही गाळायचं नाही आणि फोन गल्ल्यात, हा माझा नेम. यंदा अशा रात्री पुष्कळ झाल्या. शेवटी तीन अल्बम उरले.

पहिला, 'शक्ती' या बँडचा 'दिस मोमेंट'. १९७७ च्या 'नॅचरल एलिमेंट्स'नंतर त्यांनी स्टुडिओत केलेला हा पहिलाच, म्हणजे मध्ये ४६ वर्षं गेली. गिटारवर जॉन मॅकलाफलिन, तबल्यावर झाकीरभाई (झाकीर हुसेन), गायला शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि खंजिरा-घटम या तालवाद्यांवर सेल्वागणेश. जुन्या शक्तीतल्या विक्कू विनायकरामांचा हा मुलगा. पहिलाच तुकडा २०१४ साली गेलेल्या मँडोलिनच्या श्रीनिवाससाठी आहे. तो लागला की मी हातातलं काम खाली ठेवतो.

दुसरा 'ॲज वी स्पीक'. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा डबल बेस, राकेश चौरसियांची बासरी आणि तबला झाकीरभाईंचा. माझा कान इथे डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याकडे जातो. डबल बेस आणि डग्गा दोघंही खालच्या अंगाचे. एकाच जागेत दोघं घुसले तर नुसता चिखल होतो. इथे मायर गज लावून लांब सूर धरतो तेव्हा डग्गा फक्त टिंब देतो आणि मायर बोटांनी छेडायला लागला की डग्ग्याची घिसट, म्हणजे तळहात दाबून सूर ओढणं, सुरू होते. डाव्या हाताचं मनगट दिसतंच डोळ्यांसमोर. शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे ऐकायला लावतो.

तिसरा 'लव्ह इन एक्झाइल'. अरूज आफताबचं उर्दू गाणं, विजय अय्यरचा पियानो, शहजाद इस्माइलींचा बेस आणि सिंथ. यात तालवाद्यच नाही. ना तबला, ना ड्रम. माझ्यासारख्याला हा अल्बम एवढा का लागावा, हे कळायला दोन महिने गेले. लय आहे, पण ती कोणी वाजवून दाखवत नाही. तिघं एकमेकांचा श्वास ऐकून थांबतात, आणि त्या थांबण्यातच ती कळते. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत तिघांनी एकत्र बसून वाजवलं आणि नंतर त्यात फारच थोडी काटछाट केली.

आता प्रश्न. 'दिस मोमेंट' कोविडच्या दिवसांत आपापल्या ठिकाणाहून फायली पाठवत पाठवत घडलाय. वादन अव्वल आहे, त्यात शंका नाही. पण पावसाळ्यात पुडी ढिली पडते, थंडीत चढते, म्हणून मी जोडी नेहमी गिऱ्हाईक जिथे वाजवणार त्या हवेचा विचार करून लावतो. या अल्बममध्ये मला ती एक हवा ऐकू येत नाही. म्हणून पहिला नंबर मी तबला नसलेल्या अल्बमला देतोय, आणि मनाला टोचतंय. मी चुकतोय का? तुमचा पहिला कोणता?

काचेमागे (२७ डिसेंबर २०२३)

शाईवाले, मी मुंबईत रेकॉर्डिंगचं काम करतो, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. स्टुडिओत एकत्र बसले तरी तबला बहुतेकदा वेगळ्या बूथमध्ये असतो, नाहीतर त्याचा आवाज गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. तुम्ही म्हणता ती 'एक हवा' बऱ्याचदा मिक्सिंगच्या टेबलावर, रिव्हर्बमधून (आवाजाला दिलेल्या घुमण्यातून) तयार होते. 'दिस मोमेंट'मध्ये तुम्हाला ती जाणवत नसेल तर तो दोष अंतराचा असेलच असं नाही.

उलट विचार करा. समोर माणूस नसताना नुसती फाइल ऐकून त्याच्या तानेचं तोंड नेमकं पकडायचं हे जास्त अवघड आहे. कोन्नकोलच्या, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणण्याच्या, जागा पुन्हा ऐका. माझा पहिला तोच.

एडिसनची सून (२८ डिसेंबर २०२३)

यंदा शक्तीचा अमेरिका दौरा होता, तेव्हा आम्ही तिघी मैत्रिणी गेलो होतो. अल्बम आधी ऐकला होता आणि मलाही तो जरा घट्ट इस्त्री केल्यासारखा वाटला होता. रंगमंचावर तेच तुकडे मोकळे झाले. सेल्वागणेश आणि झाकीरजी एकमेकांकडे बघून हसतात आणि पुढची तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) कुठून कुठे जाते कळत नाही. घरी येऊन परत अल्बम लावला तर तो बदललेला! आता ते हसणं मला त्यात ऐकू येतं. माझं मत बाद धरायचं तर धरा, पण माझा पहिला 'दिस मोमेंट'.

गिरगाव चौपाटी (२८ डिसेंबर २०२३)

यादीत एकही मराठी अल्बम नाही याचं वाईट वाटलं. शंकर महादेवन आहेत तेवढंच समाधान.

शाईवाला (२८ डिसेंबर २०२३)

गिरगावकर, मलाही वाटलं. मराठीत यंदा सुटी गाणी भरपूर ऐकली, काही फार आवडली. पण सलग बसून ऐकावा असा नवा अल्बम माझ्यापर्यंत पोचला नाही. तुम्हाला माहीत असेल तर नाव द्या, आज रात्रीच लावतो.

काचेमागे, बूथचं पटलं. कोन्नकोलच्या जागा काल तीनदा ऐकल्या. एका ठिकाणी तबला अर्ध्या मात्रेसाठी मागे राहतो आणि आवाजाला पुढे जाऊ देतो. हे फाइल ऐकून केलं असेल तर मी नमस्कार करतो. तरी पहिला नंबर बदलत नाही. एडिसनताई, तुमचं मत कशाला बाद? तुम्ही समोर बसून ऐकलंय.

काचेमागे (५ फेब्रुवारी २०२४)

धागा वर काढतोय. झाकीरभाईंना एका रात्रीत तीन ग्रॅमी! 'दिस मोमेंट', 'ॲज वी स्पीक' आणि त्यातल्याच 'पश्तो' या तुकड्याला. राकेशजींना दोन. शाईवाले, तुमच्या तिसऱ्या अल्बमला नामांकन होतं, पण मिळालं नाही.

शाईवाला (५ फेब्रुवारी २०२४)

पेढे वाटले दुकानात. माहीमचा मुलगा! 'लव्ह इन एक्झाइल' माझ्याकडे पहिलाच राहील.

शाईवाला (१९ डिसेंबर २०२४)

झाकीरभाई १५ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत गेले. दोन दिवस दुकान बंद ठेवलं. परवा उघडलं तर आलेल्या प्रत्येक माणसाने उभ्याउभ्याच आपली एक आठवण सांगितली. कोणी सवाई गंधर्व महोत्सवातली, कोणी टीव्हीवरच्या चहाच्या जाहिरातीतली. कामाचं कोणी बोललंच नाही.

काल रात्री तिन्ही अल्बम याच क्रमाने लावले. 'दिस मोमेंट'मधली ती अर्धी मात्रा पुन्हा आली. गेल्या वर्षी लिहिलं होतं की एक हवा ऐकू येत नाही. काल आली. रेकॉर्डिंग तर तेच आहे, म्हणजे कमी माझ्या ऐकण्यात होती.

एडिसनताई, तुम्ही म्हणाला होतात ते हसणंही कुठे असावं याचा अंदाज आला. पाचव्या तुकड्याच्या शेवटाकडे का? तिथेच असेल तर सांगा.

क्रम बदलतोय. 'दिस मोमेंट' पहिला. २०२४ ची यादी जानेवारीत टाकेन.